परतीचे दोर कुठे कापायचे? लिनक्स कर्नेलमधील ‘एक्झेक’ची साफसफाई

लिनक्सच्या संगणकावर टर्मिनलची खिडकी उघडा आणि ‘डेट’ ही आज्ञा द्या. तारीख छापली जाते आणि शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचून त्या चालवणारा प्रोग्रॅम, पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबतो. आता त्याच आज्ञेच्या आधी ‘एक्झेक’ हा शब्द लिहून पुन्हा एंटर दाबा. तारीख क्षणभर दिसते न दिसते तोच बहुतेक टर्मिनलांत खिडकीच बंद होते. बिघाड काहीच झालेला नसतो. पहिल्या वेळी शेलने स्वतःची एक प्रत काढली आणि त्या प्रतीने ‘डेट’चे रूप घेतले. दुसऱ्या वेळी शेलने स्वतःच ‘डेट’चे रूप घेतले, त्यामुळे ‘डेट’चे काम संपल्यावर मागे परतायला शेल उरलाच नव्हता.

लिनक्स ज्या परंपरेतला आहे त्या युनिक्समध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून नवा प्रोग्रॅम सुरू करण्याचे काम असे दोन भागांत वाटलेले आहे. ‘फोर्क’ चालू प्रोसेसची, म्हणजे त्या वेळी चालत असलेल्या प्रोग्रॅमची, प्रत काढतो आणि ‘एक्झेक’ त्या प्रतीच्या आत नवा प्रोग्रॅम आणून बसवतो. परकायाप्रवेशाच्या गोष्टींत जीव तोच राहतो आणि देह बदलतो. एक्झेकमध्ये नेमके उलटे घडते. प्रोसेसचा क्रमांक तोच राहतो, तिची पालक प्रोसेस तीच राहते, ती ज्या डिरेक्टरीत उभी आहे ती तीच राहते, तिने उघडलेल्या बहुतेक फाइलीही उघड्याच राहतात. फक्त आत चालणारा प्रोग्रॅम पूर्णपणे नवा असतो. हे पडताळून पाहायचे असेल तर शेलला त्याचा प्रोसेस क्रमांक विचारा, मग ‘एक्झेक बॅश’ अशी आज्ञा द्या आणि पुन्हा क्रमांक विचारा. शेल नवा आलेला असतो, क्रमांक मात्र जुनाच असतो.

अडीच कोटींहून अधिक ओळींच्या लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ भागात, या कामाचा गाभा ‘एक्झेक डॉट सी’ नावाच्या सुमारे दोन हजार ओळींच्या एका फाइलीत आहे. आकाराने हा भाग नगण्य आहे. परंतु संगणकावर सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम याच ओळींमधून जातो आणि सामान्य वापरकर्त्याच्या प्रोसेसला प्रशासकाचे अधिकार मिळू शकतात त्या मोजक्या जागांपैकी ही एक आहे. अशा कोडची साफसफाई २०२०मध्ये नेटाने झाली. ती कशी झाली आणि का करावी लागली, हे समजून घेताना एक गोष्ट सतत समोर येते: एक्झेकमध्ये प्रत्येक कृती योग्य असून भागत नाही, त्या कृतींचा क्रमही योग्य असावा लागतो. वर्षानुवर्षे तो क्रम कोडमध्ये कुठेच स्पष्ट लिहिलेला नव्हता.

आत काय काय घडते

प्रोसेसने एक्झेकची विनंती केली की कर्नेल प्रथम ती फाइल उघडतो, ती चालवण्याची परवानगी आहे का हे पाहतो आणि तिचे पहिले २५६ बाइट वाचून घेतो. एवढ्यावरून फाइलची जात कळते. लिनक्सवरील नेहमीच्या ईएलएफ स्वरूपाच्या फाइलीत पहिल्या बाइटाची किंमत १२७ असते आणि त्यापुढे ई, एल, एफ ही तीन अक्षरे असतात. स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची साधी मजकूर-फाइल, असेल तर सुरुवातीलाच हॅश आणि उद्गारचिन्ह ही जोडी असते. दरम्यान कर्नेल मेमरीचा एक नवा, कोरा नकाशा तयार करतो आणि आज्ञेतील शब्द व एन्व्हायर्नमेंटच्या (प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंगांच्या) ओळी त्यात उतरवून ठेवतो, कारण त्या मूळ जुन्या प्रोग्रॅमच्या मेमरीत आहेत आणि ती मेमरी आता थोड्याच वेळात जाणार आहे. त्यानंतर कर्नेलमध्ये प्रत्येक स्वरूपासाठी जो वेगळा हँडलर असतो त्यांना एकेक करून विचारले जाते की ही फाइल तुमची आहे का.

‘माझी आहे’ असे एखाद्या हँडलरने म्हटले की खरी उलथापालथ सुरू होते. प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, चालू असतील तर विनंती करणारा एक सोडून बाकी सगळे संपवले जातात. जुना मेमरीचा नकाशा टाकून नवा लावला जातो. एक्झेकच्या वेळी बंद करण्याची खूण ज्या फाइलींवर आहे त्या बंद होतात. सिग्नल (प्रोसेसला मिळणारे इशारे) हाताळण्यासाठी जुन्या प्रोग्रॅमने नेमलेली फंक्शने पुसली जातात, कारण ती ज्या पत्त्यांवर होती तिथे आता भलतेच काही असणार. प्रोसेसचे नाव बदलते. नवा प्रोग्रॅम ‘सेट-यूआयडी’ प्रकारचा, म्हणजे फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा असेल, तर प्रोसेसचे अधिकारही बदलतात. पासवर्ड बदलणारा ‘पासडब्ल्यूडी’ हा अशा प्रोग्रॅमचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना आहे: सुरू कोणीही करो, तो चालतो प्रशासकाच्या अधिकाराने.

या साखळीत चूक कुठेही होऊ शकते आणि चूक झाल्यावर काय करायचे हे ती कुठे झाली यावर अवलंबून असते. फाइल सापडली नाही, परवानगी नाही, स्वरूप ओळखता आले नाही, अशा सुरुवातीच्या चुकांत जुना प्रोग्रॅम जागेवर शाबूत असतो. कर्नेल त्याला काय चुकले हे सांगणारा क्रमांक परत देतो आणि तो ‘आज्ञा सापडली नाही’ असे काही छापून पुढे चालू लागतो. परंतु जुना नकाशा टाकून दिल्यानंतर, समजा, नव्या प्रोग्रॅमचा एखादा भाग मेमरीत बसवता आला नाही, तर ती चूक सांगायची कोणाला? विचारणारा प्रोग्रॅम, त्याचा कोड, त्याचा स्टॅक यांपैकी काहीच उरलेले नाही. अशा वेळी प्रोसेस मारून टाकणे एवढाच मार्ग कर्नेलपुढे असतो.

सिंहगडाच्या कथेमुळे ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे लहान मुलांनाही कळतो, आणि एक्झेकमधल्या या जागेला त्याहून चपखल नाव मला सापडत नाही. दोर कापण्याआधी माघार घेता येते, नंतर नाही. त्यामुळे फसण्याची शक्यता असलेले प्रत्येक काम शक्य तितके त्या रेषेच्या अलीकडे उरकलेले असावे, आणि मागे न फिरवता येणारे एकही काम तिच्या अलीकडे नसावे, हा झाला आदर्श.

दोर कापले आहेत हे ओळखायचे कसे

२०२०पूर्वीच्या कोडमध्ये ही रेषा होती, पण तिला नाव नव्हते. नवा नकाशा तयार झाला की त्याचा पत्ता कर्नेल एका तात्पुरत्या नोंदीत ठेवत असे, आणि तो नकाशा प्रोसेसला लावला की नोंदीतली ती जागा रिकामी करत असे. पुढे काही चुकले तर कोड ती जागा रिकामी आहे का हे तपासत असे. रिकामी असेल तर नकाशा लागला आहे, म्हणजे दोर कापले गेले आहेत, म्हणून प्रोसेस मारा. भरलेली असेल तर चूक परत सांगा. उंबऱ्याबाहेर चपला नाहीत यावरून घरात कोणी नाही असे ठरवावे, तशी ही पद्धत होती. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येई.

बहुतेक वेळा, नेहमी नाही. वरची यादी पुन्हा पाहिली तर लक्षात येईल की बाकीचे थ्रेड मारण्याचे काम नकाशा बदलण्याच्या आधी होते. मारलेले थ्रेड परत आणता येत नाहीत. म्हणजे थ्रेड मारून झाले आणि नकाशा लावण्यापूर्वी काही चुकले, तर कर्नेल जुन्या प्रोग्रॅमला ‘एक्झेक जमले नाही, तुमचे चालू द्या’ असे सांगत असे, आणि इकडे त्या प्रोग्रॅमचे सगळे साथीदार नाहीसे झालेले असत. दोर खरोखर कापले जात होते थ्रेड मारताना, आणि कोड मात्र ते नकाशा बदलताना कापले जातात असे मानून चालला होता.

ऑगस्ट २०२०मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीत हे सुधारले गेले. या कामातील बरेचसे पॅच, म्हणजे कोडमधील बदलांचे तुकडे, एरिक बीडरमन या कर्नेल विकासकाचे आहेत. त्यांनी नोंदीत एक स्वतंत्र खूण ठेवली, तिचे नावच ‘पॉइंट ऑफ नो रिटर्न’ असे ठेवले, आणि ती थ्रेड मारण्याच्या आधी लावली जाईल अशी व्यवस्था केली. त्या ओळीच्या वरच्या टिप्पणीत इथून पुढच्या सर्व चुका प्राणघातक ठरतील असे स्वच्छ म्हटले आहे. बदल म्हणून पाहिले तर एक खूण आणि तिची एक तपासणी, एवढाच. परंतु आता तो कोड पहिल्यांदाच वाचणाऱ्या माणसालाही रेषा कुठे आहे हे शोधत बसावे लागत नाही.

त्याच वेळी या कामाच्या मुख्य फंक्शनचे नावही बदलले. पूर्वी त्याचे नाव ‘फ्लश ओल्ड एक्झेक’ असे होते, म्हणजे जुने उपसून टाकणे. वाचणाऱ्याला वाटे की ही निव्वळ आवराआवर आहे. नवे नाव ‘बिगिन न्यू एक्झेक’ असे आहे, म्हणजे नव्याची सुरुवात. नाव बदलण्याला किरकोळ काम समजण्याकडे आपला कल असतो, पण जुन्या नावाने माणसे वर्षानुवर्षे चुकीच्या समजुतीने कोड वाचत असतील, तर नाव बदलणे हीच दुरुस्ती असते.

एकच काम, चार ठिकाणी

साफसफाईची गरज सर्वांत ठळकपणे दिसते ती अधिकारांच्या बाबतीत, आणि तिथे इतिहासात नोंदलेला एक दाखला आहे. दोर कापल्यानंतरची कामे पूर्वी तीन फंक्शनांत वाटलेली होती: जुने उपसणे, नव्याची मांडणी करणे आणि नवे अधिकार चढवणे. ही तिन्ही फंक्शने कोणत्या क्रमाने आणि मध्ये किती अंतर ठेवून बोलवायची, हे प्रत्येक स्वरूपाच्या हँडलरवर सोपवलेले होते. ईएलएफचा हँडलर वेगळा, छोट्या यंत्रांसाठीच्या ‘फ्लॅट’ स्वरूपाचा वेगळा, ईएलएफच्या ‘एफडीपिक’ या प्रकाराचा वेगळा आणि जुन्या ‘ए-आउट’ स्वरूपाचा वेगळा. चौघांनी तोच क्रम स्वतंत्रपणे, आपापल्या पद्धतीने लिहिलेला होता.

ईएलएफच्या हँडलरमध्ये नवे अधिकार बरेच उशिरा चढवले जात. परिणाम असा की एका लहानशा अवधीत प्रोसेसकडे नव्या प्रोग्रॅमची मेमरी असे, पण ओळख जुन्या वापरकर्त्याचीच असे. तो नवा प्रोग्रॅम प्रशासकाच्या अधिकाराने चालणारा ‘एसयू’ आहे असे समजा. हल्ला रोखण्यासाठी कर्नेल प्रत्येक वेळी प्रोग्रॅमचे भाग मेमरीत वेगवेगळ्या, आधी सांगता न येणाऱ्या पत्त्यांवर विखरून ठेवतो. आता त्याच वापरकर्त्याच्या दुसऱ्या एखाद्या प्रोसेसने नेमक्या त्या अवधीत ‘प्रॉक’ डिरेक्टरीतून या प्रोसेसची माहिती मागितली, तर कर्नेल विचारणाऱ्याची आणि प्रोसेसची ओळख ताडून पाही, दोन्ही एकाच वापरकर्त्याच्या आहेत असे त्याला दिसे, आणि जे पत्ते लपवायला हवे होते ते तो देऊन टाकी. काही क्षणांनंतर हाच प्रश्न विचारला असता तर नकार मिळाला असता.

ईएलएफच्या हँडलरमधील हा दोष २०१६मध्ये ४.८ या आवृत्तीत दूर झाला. नवा नकाशा आणि नवे अधिकार यांच्यातील अंतर मिटवून टाकले, एवढाच उपाय होता. पण ए-आउटच्या हँडलरमध्ये तोच क्रम तसाच राहिला. सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत २०१९मध्ये या दोघांची नोंद शेजारशेजारच्या क्रमांकांनी झाली: ईएलएफसाठी ११९० आणि ए-आउटसाठी ११९१ हे शेवटचे अंक असलेल्या नोंदी. दुसऱ्या नोंदीवर कर्नेलकडून आक्षेप आला, कारण ए-आउटसाठी पत्ते विखरून ठेवण्याची सोय कधीच नव्हती, त्यामुळे तिथे लपवण्यासारखे काही नव्हते. आक्षेप रास्तच होता. तरीही एका जागी बुजवलेले भोक शेजारच्या प्रतीत तीन वर्षे उघडे राहते, ही गोष्ट त्या दोन शेजारच्या क्रमांकांत लख्ख दिसते.

२०२०मध्ये हे आवरताना जी पद्धत वापरली गेली ती मला मुद्दाम जवळून दाखवावीशी वाटते, कारण मोठा बदल धीटपणे एका झटक्यात करणे आणि तोच बदल सुरक्षितपणे करणे यांतील फरक तिच्यात आहे. सुरुवातीला कोणतेही फंक्शन एकत्र केले नाही. फ्लॅट, एफडीपिक आणि ए-आउट यांच्या हँडलरांत अधिकार चढवण्याची ओळ वर सरकवून ईएलएफप्रमाणे मांडणीच्या लगेच खाली आणली. प्रत्येक जागी बदल काही ओळींचा, आणि मधली कोणती कामे ओलांडून ही ओळ वर गेली हे तपासायला सोपा. सगळ्या हँडलरांत दोन फंक्शने एकापाठोपाठ आली, तेव्हा ती जोडून एक केली. आता हे करताना वागण्यात काहीही बदल होत नाही हे कोणालाही नुसते वाचून पटत होते. मग अधिकारांचे काम आणखी वर, थेट ‘बिगिन न्यू एक्झेक’च्या आत गेले. शेवटी हँडलर लिहिणाऱ्याच्या हातात ते विसरण्याची किंवा लांबवण्याची संधीच उरली नाही.

ए-आउट स्वतः २०२२च्या आवृत्त्यांमधून टप्प्याटप्प्याने काढले गेले. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ईएलएफ रुळल्यावर त्याचा उपयोग उरला नव्हता, आणि वापरात नसलेला हँडलर म्हणजे प्रत्येक बदल आणखी एका जागी जपून करण्याचे ओझे.

स्क्रिप्टच्या मागे स्क्रिप्ट

स्क्रिप्टचा हँडलर स्वतः काहीच चालवत नाही. पहिल्या ओळीत स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या ज्या इंटरप्रिटरचे नाव आहे, उदाहरणार्थ पायथन, तो चालवायचा आणि त्याला स्क्रिप्टचे नाव द्यायचे, एवढेच तो ठरवतो. पूर्वी हा हँडलर आपल्याच पोटातून पुन्हा हँडलर शोधणाऱ्या फंक्शनला हाक मारत असे, आणि इंटरप्रिटरही स्क्रिप्ट निघाला तर आणखी एकदा. ५.८ पासून हँडलर केवळ ‘याच्याऐवजी ही फाइल पाहा’ अशी नोंद करून परततो आणि वरचे एक साधे लूप पुढची फेरी घेते. अशा फेऱ्यांना ठरावीक मर्यादा आहे, त्यापुढे कर्नेल चूक देतो.

यातून एक महत्त्वाची सोय झाली. पूर्वी साखळीतल्या प्रत्येक फाइलीसाठी, स्क्रिप्टसाठी आणि मग तिच्या इंटरप्रिटरसाठी, अधिकारांचा हिशेब नव्याने केला जाई आणि आधीचा पुसला जाई. आता साखळी संपून प्रत्यक्षात चालणारी फाइल निश्चित झाली की दोर कापण्याच्या ऐन उंबरठ्यावर तो हिशेब एकदाच होतो. एका सुरक्षा तपासणीने लिहिलेले दुसरीने पुसायचे, मग तिसरीने पुन्हा लिहायचे, या व्यवस्थेत चूक लपायला भरपूर जागा असते.

कर्नेल स्वतःही कधी कधी प्रोग्रॅम सुरू करतो. संगणक सुरू होताना पहिली प्रोसेस तोच चालवतो. त्या वेळी आज्ञेचे शब्द कर्नेलच्याच मेमरीत असतात, त्यामुळे पूर्वी ‘मेमरीच्या सीमेची तपासणी तात्पुरती सैल करा’ असे सांगून नेहमीच्याच वाटेने जावे लागे. ५.९ मध्ये त्यासाठी वेगळी वाट आली आणि इथली ती सैल तपासणी गेली.

बाहेरून दिसणारे वागणे

इथपर्यंतचे बदल आतले होते, बाहेरच्या प्रोग्रॅमांना त्यांचा पत्ताही लागला नाही. पण एक्झेकमध्ये आतले आणि बाहेरचे यांतील सीमा नेहमी वाटते तिथे नसते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आग्रह प्रसिद्ध आहे की कर्नेलच्या बदलामुळे चालू असलेला बाहेरचा प्रोग्रॅम मोडता कामा नये, मग तो प्रोग्रॅम कितीही विचित्र गोष्टीवर विसंबून असो. हा आग्रह कसोटीला लागलेले दोन प्रसंग सांगतो.

स्क्रिप्टची पहिली ओळ वाचण्यासाठी पूर्वी १२८ बाइटांची जागा होती. ओळ त्याहून लांब असेल तर कर्नेल ती गुपचूप कापून उरलेल्या तुकड्यावर काम भागवत असे. अर्धवट कापलेल्या नावाचा भलताच प्रोग्रॅम चालवला जाऊ शकतो, हे पाहून लांब ओळीला सरळ नकार देणारा बदल केला गेला. तो वाजवीच दिसत होता. परंतु निक्स-ओएस या लिनक्सच्या वितरणात प्रत्येक पॅकेजचा मार्ग लांबलचक असतो आणि तिथल्या काही पर्ल स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत असे अनेक मार्ग पर्यायांच्या रूपाने एकामागोमाग लिहिलेले होते. कर्नेल ती ओळ मध्येच कापत असे, तरीही पर्लचे नाव सुरुवातीला असल्याने पर्ल सुरू होई. आणि पर्ल सुरू झाल्यावर स्वतः फाइल उघडून ती पहिली ओळ पुन्हा, पूर्ण वाचत असे. म्हणजे कर्नेलने केलेली काटछाट पर्ल भरून काढत होता आणि कोणाला काही जाणवत नव्हते. नवा नियम आला आणि त्या स्क्रिप्ट चालेनाशा झाल्या. फेब्रुवारी २०१९मध्ये टोरवाल्ड्स यांनी तो बदल मागे घेतला. नंतर आलेला नियम अधिक विचारी आहे: ओळ कापली गेली तरी चालेल, पण कापताना इंटरप्रिटरचाच मार्ग अर्धवट राहत असेल तर मात्र नकार. पुढे ती जागाही १२८ची २५६ बाइट करण्यात आली.

दुसरा प्रसंग नंतरचा आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल लिहिण्यासाठी उघडायला गेल्यास युनिक्स परंपरेने ‘टेक्स्ट फाइल बिझी’ असे सांगून अडवतो. हे अडवणे अपुरे आहे, कारण प्रोग्रॅम ज्या लायब्ररी वापरतो त्यांच्या फाइलींना हे संरक्षण मिळत नाही, आणि त्यासाठी कर्नेलला हिशेब मात्र ठेवावा लागतो. म्हणून २०२४मध्ये ६.११ या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. कागदावर ही चांगली सफाई होती. पण मोल्ड नावाचा एक वेगवान लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅमची फाइल बनवणारे साधन, आहे. नवी फाइल तयार करण्यापेक्षा असलेल्या फाइलीवर लिहिणे जलद पडते, म्हणून तो जुन्या प्रोग्रॅमच्या फाइलीवरच नवा प्रोग्रॅम लिहायला जातो, आणि ‘बिझी’ असे उत्तर आले तरच नवी फाइल काढतो. ते उत्तर येणेच बंद झाले, तेव्हा तो चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची फाइल बदलू लागला आणि ते प्रोग्रॅम कोसळू लागले. मोल्डच्या कर्त्याने हे कळवल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बदल मागे घेतला गेला. ज्याला आपण अडगळ समजलो ते कोणाच्या तरी घराचा आधार होते, हे काढून पाहिल्यावरच समजले.

वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ

राहिले ते सर्वांत अवघड काम, लॉकचे. एक्झेक चालू असताना दुसऱ्या कोणी त्या प्रोसेसच्या मेमरीत किंवा अधिकारांत डोकावू नये, म्हणून एक लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, असते. पूर्वी एक्झेक ते अगदी सुरुवातीला घेत असे आणि शेवटपर्यंत धरून ठेवत असे. दिसायला हे सुरक्षित आहे. पण मध्ये एक थांबा आहे: बाकीचे थ्रेड मरेपर्यंत एक्झेकला थांबावे लागते.

समजा ‘एसट्रेस’ हे साधन त्या प्रोसेसवर नजर ठेवून आहे. नजरेखाली असलेला थ्रेड मरताना आपल्या निरीक्षकाला तसे कळवतो आणि त्याने दखल घेतल्याशिवाय पूर्णपणे नाहीसा होत नाही. निरीक्षक मात्र त्याच क्षणी त्या प्रोसेसची मेमरी वाचू पाहत असतो आणि त्यासाठी तेच लॉक मिळण्याची वाट पाहत असतो. एक्झेक थ्रेडची वाट पाहतो, थ्रेड निरीक्षकाची आणि निरीक्षक एक्झेकची. तिघेही थांबलेले, आणि ही कोंडी आपोआप सुटण्याची शक्यता नाही. हा केवळ तर्क नव्हता. जीसीसी या कंपायलरच्या चाचण्या एसट्रेसखाली चालवताना काही वेळाने सगळे हमखास अडकून पडते, असा प्रत्यक्ष अनुभव या दुरुस्तीच्या मागे आहे.

उपाय पुन्हा क्रमाचाच होता. डोकावणाऱ्यांपासून जपायला हवे ते मेमरी आणि अधिकार यांची अदलाबदल होत असतानाच, त्याआधीच्या लांब प्रतीक्षेत नव्हे. म्हणून ५.७ मध्ये दुसरे, नवे लॉक आणले गेले, जे थ्रेड मरून गेल्यानंतर, नकाशा बदलण्याच्या वेळी घेतले जाते. मेमरी वाचण्यासारखी कामे एकेक करून जुन्या लॉकवरून या नव्या लॉकवर हलवली गेली. २०२०च्या अखेरीस त्याचेही रूप बदलले, जेणेकरून नुसते वाचणारे अनेक जण एकाच वेळी आत जाऊ शकतील आणि फक्त एक्झेक आला की सगळ्यांना थांबावे लागेल.

चालू प्रोसेसवर नव्याने नजर बसवण्याची वाट मात्र या बदलांत जुन्याच लॉकखाली राहिली. अधिकारांचा हिशेब करताना ‘या प्रोसेसवर कोणाची नजर आहे का’ हे एक्झेकला विचारात घ्यावे लागते, आणि मध्येच कोणी निरीक्षक येऊन बसला तर तो हिशेब खोटा ठरतो; त्यामुळे तिथे लॉक लवकर सोडता येत नाही. जुने लॉक म्हणूनच काढता आले नाही. कर्नेलच्या हेडर फाइलीत त्याच्या नावापुढच्या टिप्पणीत आता असेही लिहिलेले आहे की नव्या कोडमध्ये हे वापरू नका, त्याऐवजी दुसरे घ्या.